टर्बो इंजिन: चालवतच तापवा, चालवतच निववा

टर्बोची गाडी घेतली की दोन सल्ले लगेच कानावर येतात. सकाळी पाच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा, आणि बंद करण्याआधी तीन मिनिटं तशीच उभी ठेवा. यातला पहिला सल्ला इंजिनाला त्रासच देतो. दुसरा पूर्वीच्या गाड्यांसाठी बरोबर होता. आजच्या गाडीला त्याची गरज मोजक्याच प्रसंगी पडते, पण त्या प्रसंगी तो पाळलाच पाहिजे. ते प्रसंग ओळखता यावेत म्हणून आधी टर्बोच्या आत काय चालतं ते बघू.

टर्बोमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीचा एक शाफ्ट असतो. त्याच्या एका टोकाला एक्झॉस्टच्या गरम वायूंवर फिरणारं टर्बाइनचं चाक आणि दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा खेचून इंजिनात दाबणारं कॉम्प्रेसरचं चाक. लहान गाड्यांच्या टर्बोमध्ये हा शाफ्ट पूर्ण भारावर मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. डिझेल इंजिनात टर्बाइनपाशी येणारे वायू साधारण ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापतात, पेट्रोलमध्ये ९५० ते १,०५० अंशांपर्यंत. बहुतेक टर्बोंमध्ये हा शाफ्ट बॉल बेअरिंगवर फिरत नाही. तो साध्या बुशमध्ये, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो आणि त्या थराची जाडी मिलिमीटरच्या काही शतांश इतकीच असते. धातूला धातू लागू न देणं आणि बेअरिंगपाशी साठणारी उष्णता वाहून नेणं, ही दोन्ही कामं या ऑइलचीच.

हे ऑइल इंजिनाच्या ऑइल पंपाकडून येतं आणि पंप इंजिनाच्या फिरण्यावर चालतो. इंजिन बंद झालं की पंपही त्याच क्षणी बंद. टर्बोचा शाफ्ट मात्र पुढे काही सेकंद फिरत राहतो, आणि टर्बाइनचं लालबुंद घर, म्हणजे चाकाभोवतीचं धातूचं कवच, काही मिनिटं तापलेलंच असतं. थंड इंजिनात अडचण वेगळी: ऑइल पोचतं, पण घट्ट असतं आणि थर नीट धरत नाही.

सुरू करताना

१. चावी किंवा बटण ऑन करा. डिझेल गाडी असेल तर ग्लो प्लगचा (सिलिंडर आधी तापवणाऱ्या हीटरचा) दिवा विझेपर्यंत थांबा. इंजिन बरंच थंड असेल तर याला काही सेकंद लागतात.

२. ॲक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन सुरू करा. ऑइल प्रेशरचा लाल दिवा एक-दोन सेकंदांत विझला पाहिजे. पाच सेकंदांतही विझला नाही तर इंजिन बंद करा आणि डिपस्टिकवर ऑइलची लेव्हल बघा. लेव्हल बरोबर असूनही दिवा राहत असेल तर गाडी हलवू नका.

३. वीस ते तीस सेकंद थांबा. थंड इंजिनाचा आयडल, म्हणजे पाय न लावता चालण्याचा वेग, आपोआप चढा असतो, १,१०० ते १,२०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास. तो किंचित खाली येऊ लागला की निघायला हरकत नाही. सीट बेल्ट आणि आरसे यात एवढा वेळ सहज जातो. तापमान शून्याखाली असेल तर मिनिटभर द्या, त्यापेक्षा जास्त नको.

४. हळू निघा.

जागेवर उभं ठेवून इंजिन तापवायला आमचा विरोध का, ते सांगतो. आयडलवर इंजिन फार थोडं इंधन जाळतं, त्यामुळे उष्णताही थोडीच तयार होते. डिझेल इंजिन तर आयडलवर दहा-पंधरा मिनिटांनीही जेमतेम कोमट होतं. पेट्रोल इंजिन थंड असताना जास्त इंधन घेतं. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन रिंगांजवळून खाली झिरपतं आणि संपमधल्या (इंजिनाच्या तळाच्या टाकीतल्या) ऑइलमध्ये मिसळतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात हे अधिक होतं. म्हणजे ज्या ऑइलची काळजी म्हणून गाडी उभी ठेवली, तेच पातळ होत जातं. हलक्या भाराखाली चालणारं इंजिन याच्या कितीतरी आधी तापतं, आणि सोबत गिअरबॉक्स, व्हील बेअरिंग, टायर हेही तापतात. ते उभ्या गाडीत कधीच तापणार नाहीत.

पहिली दहा-पंधरा मिनिटं

नवीन माणूस इथे फसतो, कारण तो डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबतो. तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा असतो. कूलंट लवकर तापतं, ऑइल मागे राहतं. पाच-सात मिनिटांत काटा मध्यावर येतो तेव्हा ऑइल पुष्कळदा ५० ते ६० अंशांवरच असतं. शिवाय अनेक गाड्यांत हा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो: कूलंट ७५ अंशांवर असो की १०५ वर, काटा मधोमधच दिसतो.

फरक किती पडतो ते ५डब्ल्यू-३० या घट्टपणाच्या दर्जाच्या ऑइलवरून कळेल. १०० अंशांना ते जेवढं घट्ट असतं, त्याच्या साधारण सहापट ४० अंशांना असतं. शून्याजवळ तर कित्येक पट. एवढं घट्ट ऑइल बारीक फीड पाइपमधून टर्बोपर्यंत जातं खरं, पण बेअरिंगच्या फटीतून पुरेसं वाहत नाही आणि उष्णताही पुरेशी उचलत नाही. अशा वेळी पाय दाबला की शाफ्ट क्षणात लाखाच्या वर जातो. झिजेची सुरुवात इथे होते, आणि ती आवाज न करता होते.

म्हणून नियम असा धरा. गाडीत ऑइलचं तापमान दिसत असेल तर ८० अंश होईपर्यंत सांभाळून चालवा. अनेक गाड्यांत हा आकडा डिस्प्लेच्या आतल्या एखाद्या मेनूत असतो, तो एकदा शोधून ठेवा. आकडा दिसतच नसेल तर कूलंटचा काटा मध्यावर आल्यानंतर आणखी पाच ते दहा मिनिटं द्या. थंडीत दहा, उन्हाळ्यात पाच. अंतरात मोजायचं तर हे एकूण आठ ते बारा किलोमीटर होतं.

सांभाळून म्हणजे किती? पेट्रोल गाडीत २,५०० आरपीएमच्या आत, डिझेलमध्ये २,००० च्या आत, आणि ॲक्सिलरेटर अर्ध्याहून कमी. बूस्टचा, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेच्या दाबाचा मीटर असेल तर काटा शून्याच्या आसपास घुटमळू द्या. घरातून निघताच हायवे लागत असेल तर पहिली काही मिनिटं संथ लेनमध्ये राहा. ओव्हरटेक करायलाच लागलं तर पाय एकदम न दाबता हळूहळू वाढवा. एखाद-दुसऱ्या वेळेने टर्बो जात नाही, रोजच्या सवयीने जातो.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच महाग पडते. आरपीएम कमी ठेवायचं म्हणून काहीजण चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये १,२०० आरपीएमवर पाय दाबून गाडी ओढत राहतात. इंजिन घुरघुरतं, गाडी दणके देते. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल इंजिनात कमी फेरे आणि जास्त भार हा जोड सर्वात धोकादायक आहे. सिलिंडरमधल्या ऑइलच्या थेंबामुळे किंवा साठलेल्या कार्बनमुळे मिश्रण ठिणगीच्या आधीच पेट घेतं, दाब प्रचंड वाढतो आणि पिस्टनची रिंगांमधली कड तुटू शकते. याच प्रश्नासाठी एपीआय या अमेरिकी संस्थेच्या ऑइलच्या मानकांत खास चाचणी आली, आधी २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लसमध्ये आणि मग २०२० मध्ये एपीआय एसपीमध्ये. तुमच्या पेट्रोल गाडीच्या पुस्तकात एपीआयचा दर्जा दिला असेल तर एसपी किंवा त्याहून नवा दर्जा लिहिलेलं ऑइल घ्या. आणि गाडी जड वाटू लागली की पाय दाबण्याऐवजी एक गिअर खाली घ्या. १,५०० च्या खाली जोर मागू नका.

रोजचा प्रवासच तीन-चार किलोमीटरचा असेल तर ऑइल कधीच पूर्ण तापत नाही. त्यात इंधन आणि पाणी साठत राहतं. अशा गाडीला आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवा आणि गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या आधी ऑइल बदला. वर्षभरात किलोमीटर कितीही कमी झाले तरी एकदा बदलाच.

एकदा तापलं की

कामाला लावा. बऱ्याच डिझेल गाड्यांच्या टर्बोमध्ये टर्बाइनभोवती हलणाऱ्या पात्यांची कडी असते. गाडी कायम हळूच चालवली तर काजळीने ती पाती अडकतात आणि गाडी मध्येच खेचणं सोडते. ऑइल तापल्यावर अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर ३,००० ते ३,५०० आरपीएमपर्यंत दमदार पिकअप घेणं या पात्यांना चांगलं. टर्बोला भीती भाराची नाही, थंड ऑइलवरच्या भाराची आणि भारानंतर एकदम बंद करण्याची आहे.

थांबण्याआधी

टर्बो निववायचा तो पार्किंगमध्ये नाही, शेवटच्या तीन-चार किलोमीटरमध्ये. हलक्या पायाने चालताना एक्झॉस्टचं तापमान बरंच खाली येतं, ऑइल आणि कूलंट पूर्ण वेगाने फिरत असतं, आणि बॉनेटखाली वारा खेळत असतो. उभ्या गाडीत वारा नसतो. म्हणून मुक्काम पाच मिनिटांवर आला की बूस्ट घेणं बंद करा आणि २,००० आरपीएमच्या आत या. हे जमलं तर बहुतेक वेळा वेगळं थांबावंच लागत नाही.

तरी किती थांबायचं याचा अंदाज असा:

– शहरातल्या संथ रहदारीतून आलात: गाडी लावा, लगेच बंद करा.
– हायवेवरून उतरून दोन-तीन किलोमीटर आतल्या रस्त्याने आलात: ३० सेकंद, तेही सवय म्हणून.
– हायवेच्या वेगातून थेट थांबलात: १ ते २ मिनिटं.
– भरल्या गाडीने घाट चढून माथ्यावर थांबलात, ट्रेलर ओढत होता किंवा ट्रॅकवर होता: २ ते ३ मिनिटं. जागा असेल तर थांबण्याऐवजी आणखी पाच मिनिटं हळू चालवा, ते जास्त उपयोगाचं.

तिसऱ्या ओळीकडे नीट लक्ष द्या, कारण ती रोज घडते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तासभर ताशी ११०-१२० ने आलेली गाडी हायवेलगतच्या पेट्रोल पंपावर वळते. शंभर मीटरमध्ये वेग उतरतो आणि नोझलसमोर येताच इंजिन बंद. ते बंद करावंच लागतं, कारण इंधन भरताना इंजिन चालू ठेवणं धोक्याचं आहे. पण एव्हाना टर्बो पूर्ण तापलेला असतो. उपाय सोपा आहे: आधी बाजूला मिनिटभर आयडलवर उभे राहा, मग पंपापाशी जा. रांग असेल तर रांगेतच हे काम होतं.

एकदम बंद केल्यावर आत काय होतं? ऑइल आणि कूलंट थांबतं, पण टर्बाइनच्या घराची आणि मॅनिफोल्डची (एक्झॉस्ट गोळा करणाऱ्या पाइपांची) उष्णता मधल्या, बेअरिंग असलेल्या भागाकडे सरकू लागते. म्हणजे बंद केल्यानंतर पहिल्या काही मिनिटांत बेअरिंगपाशी तापमान उतरत नाही, चढतं. तिथे अडकलेलं ऑइल जळून त्याचा कार्बन होतो. खराब झालेल्या टर्बोचा फीड पाइप सोडला की तो हाताला लागतो: काळा, खरखरीत, नखाने टवके निघणारा थर, आणि मध्ये पाइपचं भोक निम्म्यावर आलेलं. पुढच्या वेळी त्याच भोकातून ऑइल जायचं असतं. काही इंजिनांत फीडच्या बोल्टमध्ये बारीक जाळी असते, ती आधी तुंबते. सिंथेटिक ऑइल हे तापमान खनिज ऑइलपेक्षा पुष्कळ जास्त सोसतं, म्हणून टर्बोच्या गाडीत ऑइलवर पैसे वाचवू नयेत.

१९७० च्या दशकातल्या टर्बो गाड्यांमध्ये टर्बो थंड करायला ऑइलशिवाय काही नव्हतं. तीन मिनिटांचा सल्ला त्या काळातला. १९८० च्या दशकात पेट्रोल गाड्यांच्या टर्बोच्या मधल्या भागात कूलंट फिरवणं सुरू झालं. इंजिन बंद झाल्यावरही गरम कूलंट आपोआप वर सरकतं, त्याच्या जागी थंड येतं आणि उष्णता निघत राहते. आजच्या बऱ्याच गाड्यांत यासाठी छोटा विजेवरचा पंपही असतो. गाडी लॉक करून निघालात आणि मागे पंखा किंवा पंपाची घरघर ऐकू आली, तर तो बिघाड नाही. ती थांबेपर्यंत बॅटरीची वायर मात्र काढू नका. आपल्या टर्बोला कूलंट आहे का, हे गॅरेजमध्ये विचारा किंवा स्वतः बघा: ऑइलच्या येण्या-जाण्याच्या दोन पाइपांखेरीज आणखी दोन पाइप दिसले तर आहे. अनेक डिझेल टर्बो अजूनही फक्त ऑइलवर असतात, तिथे वरचे आकडे काटेकोर पाळा.

बंद करण्याआधी एकदा जोरात रेस देऊन चावी फिरवायची सवय असेल तर आजच सोडा. रेस दिली की टर्बो वेग घेतो, आणि त्याच क्षणी तुम्ही त्याचं ऑइल तोडता.

पाच-दहा मिनिटं आयडलवर ठेवण्यातही काही मिळत नाही. दोन-तीन मिनिटांत जेवढं निवायचं तेवढं निवतं. पुढे फक्त इंधन जळतं आणि डिझेल गाडीच्या एक्झॉस्टच्या फिल्टरमध्ये काजळी साठते. बंद गॅरेजमध्ये तर एक मिनिटही इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आपोआप बंद होणारी इंजिनं

सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांमध्ये टर्बोचा विचार करून व्यवस्था केलेली असते, रोजच्या रहदारीत काळजी नको. पण हायवेवरून उतरताच पहिला सिग्नल लागला, किंवा घाट चढून लगेच कोंडी लागली, तर ती सोय बटणाने बंद करा. बटण दर वेळी इंजिन सुरू केल्यावर पुन्हा पूर्ववत होतं, हे लक्षात ठेवा.

चावी काढल्यावरही इंजिन ठरावीक वेळ चालू ठेवणारा टर्बो टायमर बाहेरून बसवू नये असं आमचं मत आहे. कूलंट असलेल्या टर्बोला त्याची गरज नाही. त्यासाठी मूळ वायरिंग कापावं लागतं, आणि चालू इंजिनाची गाडी कुणाविना उभी राहते.

डिझेल गाडीत आणखी एक गोष्ट. थांबताना आयडल नेहमीपेक्षा चढा असेल, पंखा जोरात चालू असेल आणि जळकट वास येत असेल तर एक्झॉस्टचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतोय. त्या वेळी एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास असतो. शक्य असेल तर दहा-पंधरा मिनिटं चालवून ते पूर्ण होऊ द्या. नाहीच जमलं तर दोन मिनिटं आयडल आणि मग बंद. गाडी वाळलेल्या गवतावर मात्र लावू नका. हे काम वारंवार अर्धवट राहिलं तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसते. वाढलेली लेव्हल चांगली खूण नाही, ऑइल बदलायची वेळ आली आहे.

ऑइल बदलल्यावर, आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिल्यावर

ऑइलचा फिल्टर रिकामा असतो, फीड पाइपही. सुरू केल्यावर दिवा विझेपर्यंत आणि पुढे तीस सेकंद ॲक्सिलरेटरला हात-पाय लावू नका. मेकॅनिक सवयीने रेस देऊन बघतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

टर्बो कुरकुरतोय हे कसं ओळखाल

हलकी शिट्टी सर्वच टर्बो देतात. ती हळूहळू मोठी होत रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखी वेगाबरोबर चढू-उतरू लागली, तर चाक घराला घासतंय किंवा पाइप फुटलाय. बराच वेळ आयडलवर राहून निघताना निळा धूर आला तर ऑइल टर्बाइनच्या बाजूने गळतंय, किंवा टर्बोमधून ऑइल परत नेणारा पाइप तुंबला आहे. हवेच्या पाइपमध्ये ऑइलचा पातळ ओलावा चालतो, कारण इंजिनाची वाफ तिकडूनच परत येते. साठलेलं ऑइल चालत नाही.

थंड, बंद इंजिनात हवेचा पाइप काढून कॉम्प्रेसरचं चाक बोटांनी हलवून बघता येतं. बाजूला किंचित हललं तर घाबरू नका, ऑइलचा थर नसताना बुशवरचा शाफ्ट तेवढा हलतोच. चाक घराला टेकलं, किंवा शाफ्ट पुढे-मागे बोटाला जाणवेल इतका सरकला, तर टर्बो उतरवायची वेळ झाली.

चालत्या डिझेल गाडीत एकाएकी पांढरा-निळा धूर उसळून इंजिनाचे फेरे आपोआप चढू लागले, तर ते टर्बोतून गळणारं स्वतःचंच ऑइल जाळतंय. चावी काढून ते थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर रस्त्याच्या कडेला थांबवून सर्वात वरच्या गिअरमध्ये टाका, ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि क्लच झटक्यात सोडा.

नवा टर्बो बसवताना जुना फीड पाइप परत वापरू देऊ नका. त्यातलाच कार्बन सुटून नव्याचं बेअरिंग खातो. परतीचा पाइप साफ आहे का ते बघा, ऑइलच्या जोडावर सिलिकॉन लावू देऊ नका, कारण त्याचे तुकडे आत जातात. ऑइल आणि फिल्टर नवे घाला. फीडच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतून चाक हाताने काही फेरे फिरवा, इंधनाचा फ्यूज काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा, प्रत्येक वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. मग फ्यूज लावून इंजिन सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवून प्रत्येक जोडाखाली टॉर्च मारून गळती तपासा.